एक तारीख, दोन आठवणी

१४ जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय दिन. तो बॅस्टिलच्या पाडावाचा दिवस, असे आपण शाळेत शिकलो. फ्रेंच माणूस मात्र बोलताना बॅस्टिलचे नाव सहसा घेत नाही. नुसते 'चौदा जुलै' म्हणतो. त्याला कारण आहे.

१७८९ साली पाव महागला होता आणि राजाचे सैन्य पॅरिसभोवती जमले होते. त्या सकाळी लोकांनी लष्करी कोठारातून बंदुका मिळवल्या. पण दारू होती बॅस्टिलच्या किल्ल्यात. ती आणायला जमाव तिकडे वळला. तुरुंग म्हणून त्या किल्ल्याची दहशत मोठी. आत कैदी निघाले अवघे सात! हल्ला करणाऱ्यांपैकी शंभराच्या आसपास माणसे कामी आली. किल्लेदार शरण आला, तरी जमावाने त्याला मारले आणि त्याचे मुंडके भाल्यावर मिरवले.

बरोबर एका वर्षाने, १४ जुलै १७९० रोजी, शाँ द मार्सच्या मैदानात मोठा मेळा भरला. मैदान तयार करायला पॅरिसकर स्वतः फावडी घेऊन आले होते. भर पावसात सोळाव्या लुईने राज्यघटना पाळण्याची शपथ घेतली. राजा आणि प्रजा एक झाल्याचा तो आनंद होता. तो टिकला नाही. जानेवारी १७९३ मध्ये याच राजाचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला.

पुढे १८८० मध्ये प्रजासत्ताकाला राष्ट्रीय सण हवा होता. बेंजामिन रास्पाय यांनी १४ जुलै सुचवला. रक्ताचा दिवस सणाला कसा चालेल, असा आक्षेप आला. तेव्हा इतिहासकार आंरी मार्तँ यांनी सिनेटमध्ये १७९० च्या मेळ्याची आठवण दिली. कायदा झाला. त्यात तारीख आहे, वर्ष मात्र नाही! ज्याला किल्ला आठवायचा त्याने किल्ला आठवावा, ज्याला शपथ आठवायची त्याने शपथ.

आज शाँझेलिझेवर लष्करी संचलन होते. २००९ साली तिथे आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवानही चालले. रात्री आतषबाजी असते. गावोगावी अग्निशमन दलाच्या आवारात नाच रंगतो आणि तिथे कोणी कोणाला विचारत नाही, तुमचा चौदा जुलै कोणत्या सालचा? दोन्ही आठवणींत रक्त आहे, दोन्हींत आशा आहे. त्यातली एक पुसून टाकायची नाही, एवढे भान त्या कायद्याने राखले. भांडणाऱ्या माणसांना एकत्र नांदायचे असेल, तर असे थोडे मौनही लागते.