भाडे कोणाच्या माथी?

गेल्या वर्षी शाळेच्या कपाटासाठी मी ऑनलाइन लिलावात पितळी मापांचा एक जुना संच घेतला. शेर, अच्छेर, पावशेर. बोली नऊशेवर थांबली. टपालहशील एकशेवीस असे पानावर स्वच्छ लिहिले होते. परंतु पैसे भरताच विक्रेत्याचा निरोप आला, "हशील साडेचारशे झाले. उरलेले पाठवा, मग माल निघेल." माल नऊशेचा, आणि निम्मी किंमत नुसत्या वाटखर्चाची! संताप आला खरा; पण मग वाटले, महाडच्या माणसाने तरी या गोष्टीचे नवल करू नये.

महाड आज महामार्गावरचे गाव म्हणून ओळखले जाते. पूर्वी ते सावित्रीवरचे बंदर होते. बाणकोटच्या खाडीतून आत शिरलेली मोठी गलबते म्हाप्रळ-दासगावकडे थांबत आणि लहान होड्या भरतीच्या पाण्यावर महाडला लागत. तिथून मीठ, नारळ, सुकी मासळी बैलांच्या पाठीवर चढे. एक वाट वरंधाघाटाने भोराकडे जाई, दुसरी पोलादपुरावरून पारघाटाने वाईकडे. उलट वाटेने गूळ आणि मिरची खाली उतरे. एकेका गोणीवर गलबताचे भाडे, बंदराची हमाली, बैलभाडे आणि जकात असे चार हात पडत. त्यात मिठाला मोल थोडे आणि वजन फार. तेव्हा मालापेक्षा वाट महाग पडण्याची भीती आमच्या घाटाला जुनीच आहे.

मालाचा खरा भाव बाजारात नव्हे, वाटेवर ठरतो, हे शिवछत्रपतींनी पुरते ओळखले होते. पोर्तुगीजांच्या बारदेशातील मीठ स्वस्त पडले तर व्यापारी संगमेश्वराकडे पाठ फिरवतील, म्हणून त्या मिठावर जबर जकात बसवावी, असे त्यांनी १६७१ साली कुडाळच्या अंमलदाराला लिहिले. मराठी अमलात पेठेतले तंटे शेटे-महाजन बसून सोडवीत. दोन्ही पक्ष आणि माल समोरासमोर असत, हा त्यांचा मोठा फायदा.

पुढे माणसे दूर गेली आणि कागद जवळ आला. १८७७ साली व्ही. पी. ची सोय झाली. पैसे मोजल्यावाचून पुडके हाती येईना. पुस्तकांच्या जाहिरातींत 'टपालखर्च निराळा' हे दोन शब्द हटकून असत. ते दोन शब्द म्हणजेच अर्धा तंटा मिटवणे होते. १९३० च्या मालविक्री कायद्याने तर ही वाटणी नीट करून ठेवली. वेगळा करार नसेल तर माल जिथे असेल तिथेच ताब्यात मिळायचा, म्हणजे पुढची वाट गिऱ्हाइकाची. परंतु माल ताब्यात देण्याजोगा करण्याचा खर्च विक्रेत्याचा.

लिलाव संगणकावर आला तरी भांडण तेच राहिले. मुंबईची बाझी डॉट कॉम २००४ साली ईबेने घेतली. ते भारतीय दुकान २०१८ साली मिटले, पण सवय राहिली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार धंदा म्हणून विकणाऱ्याने पोचवणी, टपाल, हाताळणी असे सारे खर्च किमतीसोबत आधीच फोडून दाखवले पाहिजेत. घरातली अडगळ एखाद्या वेळी विकणाऱ्याला मात्र हे नियम लागत नाहीत. तिथे आधीचे लेखी बोलणेच कामाला येते. २०१९ च्या कायद्याने गिऱ्हाइकाला आपल्या राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते. आमच्यासाठी ते अलिबाग. आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहता येतो.

माझा विक्रेता नेहमीचा व्यापारी होता. मी धमकी दिली नाही. एकशेवीस लिहिलेल्या पानाचे चित्र पाठवले, टपालाची पावती मागितली आणि पेटीचा खर्च निराळा लिहा म्हटले. दोन दिवसांनी आकडे आले: टपाल दोनशेतीस, लाकडी पेटी दोनशेवीस. मी लिहिले, "पेटी तुमची. माल देण्याजोगा करणे तुमचे काम." त्याने ते मानले. राहिले टपालाचे एकशेदहा. पानावरच्या आकड्यावर मी अडून बसलो असतो तर तेही वाचले असते. परंतु पितळ जड असते हे मला ठाऊक होते, आणि बोली लावताना वजन विचारण्याचे मीही सोयीस्करपणे टाळले होते. ते एकशेदहा मी दिले.

माप आले तेव्हा पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, शेरात किती मावते?" आम्ही तांदूळ घालून मोजले. एवढेसे माप मोजायला सारा वर्ग भोवती जमला होता. लिलावाच्या दिवशी मीही असेच आधी मोजून घ्यायला हवे होते. यंदा फराळाचे डबे दूर देशी धाडताना घरोघरी तराजू निघेल; चकलीच्या भावासोबत वाटेचा भावही आधी विचारलेला बरा.