सभासद, कृष्णाजी अनंत

सतराव्या शतकातील मराठी बखरकार. हा शिवछत्रपतींच्या पदरी होता व पुढे राजाराम महाराजांच्या दरबारात होता. १६९७ मध्ये जिंजीच्या किल्ल्यात त्याने लिहिलेले शिवचरित्र ‘सभासद बखर’ म्हणून ओळखले जाते. शिवाजी महाराजांच्या चरित्राची ही सर्वांत जुनी उपलब्ध मराठी बखर होय.

लेखनाची पार्श्वभूमी : १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांनी घेतला आणि राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले. १६९० मध्ये झुल्फिकारखानाने किल्ल्याला घातलेला वेढा १६९८ च्या आरंभी गड पडेपर्यंत कमीअधिक जोराने चालू राहिला. वडील शिवाजी महाराज निवर्तले तेव्हा राजाराम महाराज अवघे दहा वर्षांचे होते. पित्याचे चरित्र आरंभापासून लिहून काढण्याची आज्ञा त्यांनी सभासदाला केली. इंग्रज लेखक थॉमस मॅलरी याने राजा आर्थरची कथा १४६९-७० च्या सुमारास कैदेत पुरी केली. सभासद कैदी नव्हता. पण शत्रूचा वेढा असताना त्याने लेखणी चालवली. मॅलरीला जुन्या फ्रेंच कथांचा आधार होता, सभासदाला स्वतःच्या आठवणींचा.

आशय : अफजलखान, शाइस्तेखान, आग्र्याहून सुटका आणि राज्याभिषेक हे प्रसंग बखरीत ठसठशीत उतरले आहेत. प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन अधिकारी नेमून कारभार एकाच्याच हाती जाऊ न देण्याची व्यवस्थाही तीत आली आहे.

कल्याण-भिवंडी परिसराच्या दृष्टीने आरमाराचे वर्णन मोलाचे आहे. शिवाजी महाराजांनी हा मुलूख १६५७ मध्ये जिंकला. १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारात कल्याण, भिवंडी व पनवेल येथे ते लढाऊ जहाजे बांधत असल्याचा उल्लेख आहे. सभासद गुराबा, तरांडी, तारवे, गलबते, शिबाडे, पगार हे जहाजांचे प्रकार नावानिशी देतो. दर्यासारंग व मायनाक भंडारी या आरमाराच्या सुभेदारांचीही नोंद करतो.

मूल्यमापन : बखरीत सनावळ्या फारशा नाहीत, घटनांचा क्रमही काही ठिकाणी चुकला आहे. दफ्तर हाताशी नसताना आठवणीवर लिहिल्याचा हा परिणाम दिसतो. भाषा मात्र आटोपशीर आहे. उत्तरकालीन बखरींतला पाल्हाळ व चमत्कारांचा सोस तीत बेताचाच. सुरेंद्रनाथ सेन यांनी १९२० मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. तारखांसाठी समकालीन पत्रे व शकावल्या पाहाव्यात. महाराजांचा कारभार जवळून पाहिलेल्या माणसाची साक्ष म्हणून मात्र शिवचरित्राच्या अभ्यासकाने आधी हीच बखर वाचावी.