जमेची बाजू

लातूरच्या मोंढ्यात आडत दुकानावर मुनीम म्हणून माझं आयुष्य गेलं. काहीही समोर आलं की आधी जमा काय आणि नावे काय, हे बघायची खोड त्यातूनच लागली. कुष्ठरोगाचा इतिहास वाचायला घेतला तेव्हाही नजर तिथेच गेली. शंभर वर्षांच्या त्या हिशोबात रोग्याच्या नावे सगळं चोख मांडलेलं आहे : जागा कुणी दिली, औषध कुणी दिलं, घोंगडी कुणी वाटली. त्याच्या जमेला मात्र फारसं काही नाही. मी स्वतः या रोगातून गेलेला माणूस आहे. उजव्या हाताची बोटं आत वळलेली आहेत, तळपायाला जाण नाही. तेव्हा ही जमेची बाजू आपणच लिहावी असं ठरवलं.

सुरुवात आमच्याच भागातून करतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा नांदेडच्या रोग्याला जवळचं मोठं ठिकाण म्हणजे निजामाबादजवळचं डिचपल्ली. इझाबेल केर या डॉक्टरबाई आणि त्यांचे मिशनरी पती जॉर्ज केर यांनी 1915 च्या सुमारास तिथे कुष्ठरुग्णालय उभं केलं. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेने नांदेड, मुदखेड, धर्माबाद करत तिथवर जाता येई. डब्यात बसू दिलं तर. उपचार म्हणजे कडू कवठाच्या जातीच्या बियांच्या तेलाची इंजेक्शनं. ती फार दुखत. पण तिथे खाटेवर पडून राहायची पद्धत नव्हती. अंगमेहनत हाही उपचाराचाच भाग होता.

माझ्या आजोळी, नांदेड जिल्ह्यात, तिथून परतलेला एक सुतार होता. तिन्ही लांब बोटं झडलेली. रंधा तो तळहाताने रेटायचा. गावच्या शाळेची मोडकी बाकं त्याने पैसे न घेता नीट करून दिली. गाव त्याच्या हातचं पाणी पीत नव्हतं, पण गावची पोरं त्याच बाकांवर बसून शिकली. ही जमेची पहिली नोंद.

दुसरी नोंद परचुरे शास्त्रींची. संस्कृतचे पंडित, गांधीजींचे येरवड्याच्या तुरुंगातले सोबती. कुष्ठरोग बळावल्यावर 1939 मध्ये ते सेवाग्रामला आले. गांधीजी त्यांना मालिश करताहेत तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. शास्त्रीबुवा आश्रमातल्यांना संस्कृत शिकवत, त्याचं चित्र मात्र कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. सेवा करणारा दिसतो, शिकवणारा रोगी दिसत नाही. आमच्या इतिहासाचं दुखणं नेमकं हेच आहे. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाणांनी 1936 साली कुष्ठधाम सुरू केलं. तिथेही रोगी शेतात आणि चरख्यावर काम करत, पण वाचायला मिळतात ती कार्यकर्त्यांची चरित्रं.

आनंदवनाची गोष्ट महाराष्ट्राला पाठ आहे. 1951 मध्ये बाबा आमटे, साधनाताई, दोन लहान मुलं आणि मोजके सहा रोगी वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर राहायला गेले. विहिरी खणल्या, भाजी पिकवली, पण ती भाजी घ्यायला वरोऱ्यात गिऱ्हाईक नव्हतं. परदेशी स्वयंसेवक येऊन राहिले, त्यांनी ती खाल्ली, तेव्हा कुठे गावाची भीड मोडली. 1964 मध्ये आनंदवनाने आनंद निकेतन महाविद्यालय काढलं. त्यासाठी राबलेले हात रोग्यांचे, आणि शिकायला आली ती परिसरातली धडधाकट घरांतली मुलं. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं त्यांनी गावाला कॉलेज दिलं! त्या हातांची नावं किती जणांना सांगता येतील? खुद्द बाबांचा कणा पुढे इतका खराब झाला की त्यांना बसताच येईना. एक तर उभं राहायचं, नाही तर पडून राहायचं. तशाही स्थितीत 1985 मध्ये ते भारत जोडो यात्रेला कन्याकुमारीहून निघाले. बाबांचं नाव राहिलं याचा आनंदच आहे. पण त्या सहा रोग्यांची नावंही पाठ्यपुस्तकात हवी होती.

माझं म्हणाल तर पोरवयात पाठीवर सुन्न चट्टा उठला. वर्षानुवर्षं डॅप्सोनच्या गोळ्या खाल्ल्या. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधं एकत्र द्यायची शिफारस केली आणि पुढे ती पाकिटं आमच्याकडेही आली. महिन्याची मोठी मात्रा कर्मचाऱ्यासमोर गिळायची. त्या दिवशी लघवी लाल व्हायची, आणि हळूहळू कातडी काळपट पडली. रोग गेला. बोटं मात्र वळलेलीच राहिली. सायकलच्या ट्यूबची कडी कापून ती बोटांत अडकवायची आणि तिच्यात पेन खोचायचा, ही युक्ती माझी. त्याच पेनाने मोंढ्यातल्या तुरीचे हिशोब लिहिले.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली. दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. औसा तालुक्यातल्या एका मदत केंद्रावर मी रजिस्टर लिहायला बसलो. गाव, घरातली माणसं, जिवंत किती, दवाखान्यात कोण. रांगेतल्या एकानेही माझ्या बोटांकडे पाहिलं नाही. नाव नीट लिहिलं ना, एवढंच बघत. काही महिन्यांनी ओळखीच्याच एका घरी चहा पुन्हा वेगळ्या कपात आला. मी तो प्यायलो, पण त्या रजिस्टरच्या दिवसांत मला माझी किंमत कळली होती.

आम्ही देणाऱ्यांच्या रांगेत उभं राहावं, हे कायद्यालाही फार उशिरा पटतंय. ओडिशात नगरपालिकेवर निवडून आलेल्या एका सदस्याचं पद कुष्ठरोगाच्या कारणाने गेलं, आणि 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्यातून निघालं ते 2019 मध्ये. दुसरीकडे तामिळनाडूचे पी. के. गोपाल स्वतः या रोगातून गेले, समाजकार्यकर्ते झाले, रोगमुक्तांची देशव्यापी संघटना बांधली. 2012 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता दुकान सुटलं. आरोग्य केंद्रात नव्या रोग्यांना पाय जपायला शिकवतो. साध्या पाण्यात वीस मिनिटं पाय भिजवायचे, खरखरीत दगडाने घट्टे हलके घासायचे, ओल्या पायालाच तेल लावायचं, आरशात तळवा बघायचा. चप्पल मऊ रबराची, मागे पट्टा असलेली, खिळा नसलेली. डॉक्टरही हे सांगतात. पण ज्याच्या तळव्यात काटा रुतून आठवडाभर कळला नाही, त्याने सांगितलं की माणूस ऐकतो.

30 जानेवारीला, कुष्ठरोग निवारण दिनी, आमच्या वस्त्यांत केळी आणि चादरी येतात. जरूर आणा. पण पुढच्या खेपेला एक वहीही आणा. प्रत्येक वस्तीतल्या म्हाताऱ्याला विचारा : तुम्ही काय बांधलं, काय पिकवलं, कुणाला शिकवलं? नावानिशी लिहून घ्या. आणि तिथल्या तरुणाला मदत देण्याआधी तुमच्या संस्थेत एखादं काम द्या.