'मॉड्यूल सापडत नाही': नोटबुकमधील एका त्रुटीचा इतिहास

टर्मिनलमध्ये तुम्ही पिप वापरून पंडास इन्स्टॉल करता. काम झाल्याचा संदेश येतो. तरीही नोटबुकच्या पहिल्याच सेलमध्ये 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर' दिसते. पुन्हा इन्स्टॉल करायला जावे, तर पिप म्हणते, पॅकेज आधीच आहे. यात खोटे कोणीच बोलत नाही. दोघे दोन वेगळ्या पायथॉनविषयी बोलत असतात. ही दोन पायथॉन आली कुठून, ते पाहू.

गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथॉन प्रसिद्ध केली. इम्पोर्ट करताना इंटरप्रिटर आपल्याजवळच्या यादीतील फोल्डर क्रमाने शोधतो; ही यादी म्हणजे 'सिस' मॉड्यूलमधील 'पाथ'. पुढे एकाच संगणकावरील दोन प्रकल्पांना एकाच पॅकेजच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागू लागल्या. त्यावर इयान बिकिंग यांनी २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह आणि २००८ मध्ये पिप आणले. २०१२ मध्ये पायथॉन ३.३ सोबत 'व्हेन्व्ह' भाषेतच आले. आता प्रत्येक प्रकल्पाचे कपाट स्वतंत्र झाले; एका कपाटातील वस्तू दुसऱ्यात दिसत नाही.

दुसरा धागा नोटबुकचा. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये, पदव्युत्तर संशोधन करत असताना, आयपायथॉन लिहायला घेतले. २०११ मध्ये त्याचे ब्राउझरमधील नोटबुक आले आणि २०१४ मध्ये त्यातून ज्युपिटर प्रकल्प उभा राहिला. यात ब्राउझरचे पान स्वतः काहीच चालवत नाही. ते कोड 'कर्नल' नावाच्या स्वतंत्र प्रक्रियेकडे पाठवते. त्यामुळे कर्नल दूरच्या संगणकावरही चालू शकते आणि पायथॉनऐवजी ज्युलिया किंवा आरचेही असू शकते. मात्र या सोयीची किंमत आहे: टर्मिनलमधील पिप एका कपाटात पॅकेज ठेवते आणि कर्नल दुसऱ्याच कपाटात शोधते.

म्हणून पॅकेज आहे का, हे विचारण्याआधी ते कोणत्या पायथॉनमध्ये आहे, हे विचारा. क्रम असा ठेवा:

१. सेलमध्ये 'सिस' इम्पोर्ट करून त्यातील 'एक्झिक्युटेबल' छापा. कर्नलच्या पायथॉनचा पत्ता मिळेल.

२. पॅकेज सेलमधूनच, टक्के चिन्ह लावलेल्या पिप आदेशाने इन्स्टॉल करा. उद्गारचिन्ह लावलेला आदेश शेलकडे जातो आणि शेलला सापडेल ते पिप चालते. ही गफलत टाळण्यासाठीच २०१९ मध्ये आयपायथॉन ७.३ ने टक्क्यांचा आदेश दिला.

३. प्रकल्पाचे स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट असेल तर त्यात 'आयपायकर्नल' इन्स्टॉल करून त्याची कर्नल म्हणून नोंद करा आणि मेनूतून तेच निवडा.

४. नाव तपासा. सायकिट-लर्न इम्पोर्ट करताना 'एसकेलर्न' होते, पिलो 'पीआयएल' होते.

५. तुमच्याच फाइलला 'रँडम' किंवा 'पंडास' असे नाव दिलेले नाही ना, ते पाहा. तसे असेल तर बहुधा तीच आधी सापडते.

६. शेवटी कर्नल रीस्टार्ट करा. आधी लोड झालेले जुने मॉड्यूल स्मृतीत तसेच राहते.

प्रात्यक्षिक परीक्षेत वेळ मोजका असतो. तो पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करण्यात घालवू नका. पहिली पायरी अर्ध्या मिनिटात होते.

सरावासाठी: दोन वेगळी एन्व्हायर्नमेंट तयार करा, दोन्हींची कर्नल म्हणून नोंद करा आणि प्रत्येकातील 'सिस'ची 'पाथ' यादी शेजारी शेजारी ठेवून फरक लिहा.