जोडीदाराचा व्हिसा रखडला तर दवाखान्याचे काय? परदेशी जाणाऱ्या कुटुंबांसाठी माहिती

रोडपालीत गेल्या काही वर्षांत घराघरांत एक नवी गोष्ट दिसू लागली आहे. आधीच्या पिढीने कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये, तळोज्याच्या कारखान्यांत आणि न्हावा-शेवा बंदरात घाम गाळला. त्यांची मुले-मुली आता नर्सिंग, आयटी, हॉटेल मॅनेजमेंट शिकून कॅनडा, इंग्लंड, जर्मनी, अमेरिका आणि आखाती देशांत जात आहेत. आपल्या समाजासाठी ही अभिमानाची गोष्ट आहे. पण लग्न होते, पंधरा दिवसांत नवरा किंवा बायको परत जाते आणि मागे राहिलेला जोडीदार व्हिसाची वाट पाहत बसतो. वर्ष जाते, कधी दोन वर्षे जातात.

या काळात कुणी आजारी पडले, दिवस गेले, ऑपरेशन लागले तर खर्च कोणाचा? हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो. आमच्या ओळखीच्या एका ताईंचा अर्ज सुरू असताना त्या गरोदर राहिल्या. मेडिकल तपासणी पुढे गेली, अर्ज थांबला, आणि इकडे कोणताही विमा नव्हता. बाळंतपणाचा खर्च माहेरच्यांनी उसने काढून भागवला. आधी माहिती असती तर बरेच टळले असते. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत. नियम व शुल्क बदलत असतात, त्यामुळे अर्ज भरण्याच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्यावी.

उशीर का होतो?

उशिराची कारणे दोन प्रकारची असतात. पहिले कारण म्हणजे सरकारने ठरवलेली संख्या. अमेरिकेत नागरिकाच्या पती-पत्नीसाठी वार्षिक मर्यादा नाही, पण ग्रीन कार्डधारकाच्या पती-पत्नीसाठी आहे. त्यामुळे नवरा-बायकोचे नाते तेच असूनही ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला रांगेत थांबावे लागते. कॅनडातील क्यूबेक प्रांताने २६ जून २०२४ ते २५ जून २०२६ या दोन वर्षांसाठी कुटुंब एकत्रीकरणाचे जास्तीत जास्त १३,००० अर्जच घेण्याचे ठरवले. कॅनडाच्या इतर प्रांतांसाठी जोडीदाराच्या अर्जाचे घोषित उद्दिष्ट १२ महिन्यांचे असताना क्यूबेकमधील जोडपी त्याहून कितीतरी जास्त काळ थांबतात.

दुसरे कारण म्हणजे छाननी. लग्न खरे आहे का, आधीचा घटस्फोट झाला आहे का, नावे जुळतात का, पोलीस दाखला आणि मेडिकल आहे का, हे सगळे तपासले जाते. एक कागद कमी पडला की फाईल बाजूला पडते.

कधी संपूर्ण जगाचीच दारे बंद होतात. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ग्रीन कार्डधारकांच्या जोडीदारांसह अनेकांचे स्थलांतरित व्हिसे थांबवले. जूनमध्ये एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांचे एच-४ व्हिसेही थांबले. पहिला आदेश फेब्रुवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला, दुसऱ्याची मुदत मार्च २०२१ अखेर संपली. सुट्टीवर भारतात आलेली कित्येक कुटुंबे त्या काळात दुभंगली होती.

मेडिकल तपासणी म्हणजे विमा नव्हे

हा गैरसमज आम्हाला सर्वांत जास्त आढळतो. व्हिसासाठी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडे जी तपासणी होते, ती त्या देशाच्या सुरक्षिततेसाठी असते. तिच्यामुळे उपचाराचा कोणताही हक्क मिळत नाही. इंग्लंडला दीर्घ मुदतीसाठी जाणाऱ्या भारतीयांना मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी करावी लागते. कॅनडाची मेडिकल साधारण १२ महिने ग्राह्य धरतात, म्हणजे अर्ज लांबला तर ती पुन्हा करावी लागू शकते.

मधुमेह, किडनीचा आजार, सिकलसेल असलेल्या जोडीदाराचा अर्ज आजारामुळे फेटाळला जाईल अशी भीती अनेकांना असते. कॅनडाच्या कायद्यात उपचाराचा जास्त बोजा पडेल या कारणावरून इतर अर्जदारांना नाकारता येते, पण प्रायोजित पती-पत्नी आणि अवलंबून मुलांना या अटीतून सूट आहे. म्हणून आजार लपवू नये. लपवलेला आजार उघड झाला तर खोटी माहिती दिल्याचा ठपका बसतो, आणि तो आजारापेक्षा महाग पडतो.

गरोदरपणात छातीचा एक्स-रे प्रसूतीनंतर करण्याची मुभा असते. मात्र तोपर्यंत अर्ज पुढे सरकत नाही. आणि बाळ जन्मले की त्याची माहिती लगेच इमिग्रेशन खात्याला कळवावी. कॅनडात मुख्य अर्जदाराने कायम रहिवासी होण्यापूर्वी ज्या मुलाची नोंद दिली नाही आणि ज्याची तपासणी झाली नाही, त्याला पुढे कुटुंब वर्गातून बोलावण्यास कायद्याने अडथळा येतो. २०१९ पासून काही प्रकरणांत सवलतीचे धोरण आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

कोणत्या देशात काय मिळते?

कॅनडा : जोडीदार कॅनडात राहून अर्ज करू शकतो किंवा भारतातून. बाहेरून केलेला अर्ज फेटाळला तर प्रायोजकाला अपील करता येते, आतून केलेल्या अर्जाला तसा अपिलाचा हक्क नाही. मे २०२३ मध्ये कॅनडा सरकारने दोन सवलती जाहीर केल्या. जोडीदारांच्या तात्पुरत्या व्हिसाचा निर्णय ३० दिवसांत करण्याचे उद्दिष्ट ठेवले, आणि कॅनडात आलेल्या जोडीदाराला, अर्ज बाहेरून केलेला असला तरी, खुला वर्क परमिट मागण्याची सोय केली. त्यामुळे कायमच्या निकालाची वाट एकत्र राहून पाहता येते.

पण आरोग्यसेवा प्रांताच्या हातात असते. व्हिजिटर म्हणून आलेल्याला सरकारी आरोग्य कार्ड मिळत नाही, खासगी विमा घ्यावाच लागतो. ओंटारियोत नवागतांसाठी असलेली तीन महिन्यांची प्रतीक्षा मार्च २०२० पासून नाही. मात्र प्रायोजित जोडीदाराला नुसती अर्जाची पावती दाखवून कार्ड मिळत नाही. पात्रतेचा टप्पा पार झाल्याचे इमिग्रेशन खात्याचे पत्र लागते, किंवा वर्क परमिटवर किमान सहा महिन्यांची पूर्णवेळ नोकरी दाखवावी लागते. ब्रिटिश कोलंबियात येण्याचा महिना संपून आणखी दोन महिने थांबावे लागते. क्यूबेकमध्ये प्रतीक्षा तीन महिन्यांपर्यंत असू शकते. तेवढ्या काळाचा विमा निघण्यापूर्वीच काढावा.

इंग्लंड : येथे आरोग्याचे पैसे व्हिसासोबतच आगाऊ भरावे लागतात. हा आरोग्य अधिभार २०१५ मध्ये वर्षाला २०० पौंड होता. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांसाठी वर्षाला १,०३५ पौंड आहे. बाहेरून घेतलेल्या जोडीदार व्हिसासाठी एकूण ३,१०५ पौंड होतात. तिकडच्या जोडीदाराचे किमान उत्पन्नही ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला २९,००० पौंड लागते, त्याआधी ते १८,६०० होते. नर्स, केअर वर्कर, हॉटेलात काम करणाऱ्या आपल्या मुलांना ही अट सर्वांत जड जाते. अधिभार भरून व्हिसा मिळाला की राष्ट्रीय आरोग्य सेवा पहिल्या दिवसापासून मिळते. आत राहून मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी केला असेल, तर निर्णय होईपर्यंत आधीचे हक्क चालू राहतात. मात्र व्हिजिटर म्हणून गेलेल्याला इस्पितळात दाखल झाल्यास सर्वसाधारण दराच्या दीडपट बिल येऊ शकते. व्हिजिटर व्हिसावर बाळंतपणासाठी जाण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये.

अमेरिका : नोकरीच्या विम्यात जोडीदाराचे नाव घालता येते, पण पोचल्यानंतर ठरलेल्या मुदतीतच. ती मुदत कंपनीच्या एचआरला आधी विचारून ठेवावी. १९९६ च्या कायद्यानुसार बहुतेक नव्या ग्रीन कार्डधारकांना गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेसाठी पाच वर्षे थांबावे लागते. काही राज्ये गरोदर स्त्रिया आणि मुलांना यातून सूट देतात. तातडीच्या प्रसंगी इमर्जन्सी विभागाने रुग्णाला स्थिर करण्याचे उपचार नाकारू नयेत असा १९८६ चा कायदा आहे, पण बिल माफ होत नाही. भारतातील सर्व स्थलांतरित व्हिसांच्या मुलाखती मुंबईतील वकिलातीत होतात, ही आपल्याला जवळ पडणारी सोय आहे.

जर्मनी : सरकारी आरोग्य विमा असलेल्या कामगाराचा न कमावणारा जोडीदार त्याच विम्यात वेगळा हप्ता न भरता सामावतो. बहुतेक जोडीदारांना जाण्यापूर्वी जर्मन भाषेची ए-१ परीक्षा द्यावी लागते, ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला त्यातून सूट आहे. वाट पाहण्याचा काळ भाषा शिकण्यात घालवला तर तो वाया जात नाही.

रोडपालीत मागे राहिलेल्यांसाठी

परदेशातील कंपनीचा विमा साधारणपणे भारतात राहणाऱ्या पत्नीला लागू होत नाही. म्हणून इकडची सोय वेगळी करावी लागते.

पहिली सोय महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची. ही योजना आता राज्यातील सर्व रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी खुली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. आधी ही मर्यादा दीड लाख होती. अडचण अशी होते की लग्नानंतर मुलीचे नाव माहेरच्या कार्डावरून कमी होते आणि सासरच्या कार्डावर चढत नाही. नवरा परदेशात असल्यामुळे ते काम कुणीच करत नाही. नाव एका तरी कार्डावर असलेच पाहिजे. दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून तो उपचार योजनेत बसतो का हे विचारावे.

दुसरी सोय प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. पात्र गटांत अनुसूचित जातीच्या स्त्रिया आहेत. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे जातीचा दाखला असलेल्या आपल्या भगिनी यासाठी अर्ज करू शकतात. अंगणवाडी ताई किंवा आशा ताईंकडे नोंद करावी. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय सरकारी आहे. तिथे लवकर नाव घातले तर तपासण्यांची नोंद एका जागी राहते, आणि तीच फाईल पुढे परदेशातील डॉक्टरला उपयोगी पडते.

तिसरी सोय खासगी विम्याची. एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांसाठी विमा कंपनीला तीन वर्षांपेक्षा जास्त प्रतीक्षा लावता येत नाही. बाळंतपणासाठी मात्र अनेक पॉलिसींमध्ये वेगळा प्रतीक्षाकाळ असतो. म्हणून पॉलिसी लग्नानंतर लगेच घ्यावी. दिवस गेल्यावर घेतलेली पॉलिसी त्या बाळंतपणाला कामी येत नाही.

आपले लग्न, आपले कागद

बौद्ध पद्धतीने झालेले लग्न पूर्ण वैध असते. पण विहाराचे किंवा संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे सरकारी नोंदणी नव्हे. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांनाही लागू होतो. स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची आपली मागणी जुनी आहे, पण तो होईपर्यंत नोंदणी आजच्या कायद्यानेच करावी लागणार. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. उशीर झाला तरी नोंदणी होते, फक्त दंड भरावा लागतो. रोडपाली १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत आहे, त्यामुळे लग्न महापालिकेच्या हद्दीत झाले असल्यास नोंदणी महापालिकेकडे होते. तीन साक्षीदार आणि विधी लावणारे बौद्धाचार्य किंवा भन्ते यांची सही लागते. त्यांची सही लग्नाच्या दिवशीच घेऊन ठेवावी.

२०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, विधी न करता केवळ नोंदणी केल्याने हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होत नाही. व्हिसासाठी घाईने फक्त कागद करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. त्रिसरण-पंचशील घेतानाचे, विवाह प्रतिज्ञेचे फोटो, पत्रिका, हॉलची पावती हे सगळे जपून ठेवावे. परदेशातील अधिकाऱ्याला सप्तपदी किंवा होम दिसला नाही म्हणून शंका येऊ शकते, तेव्हा आपला विधी कसा असतो हे एका पानात लिहून जोडावे.

नावांकडेही लक्ष द्यावे. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे असे आपल्याकडे सर्रास आढळते. अर्जाआधी राजपत्रात नावबदल करून घ्यावा. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. ज्या देशाला अपोस्टिल लागते त्यासाठी आधी राज्याच्या गृह विभागाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर घ्यावी. सर्वच देश ते मागत नाहीत. आधी विचारावे, मगच एजंटला पैसे द्यावेत.

अर्ज अडकला तर

घोषित मुदत संपेपर्यंत थांबावे, त्यानंतर लेखी विचारणा करावी. कॅनडात राहणारा जोडीदार माहिती अधिकारातून ५ डॉलरमध्ये फाईलवरील नोंदी मागवू शकतो. इंग्लंड, कॅनडा आणि अमेरिकेत आपल्या मतदारसंघातील खासदार किंवा लोकप्रतिनिधीच्या कार्यालयातून चौकशी करता येते, त्यासाठी पैसे लागत नाहीत. गंभीर आजार किंवा बाळंतपण असेल तर डॉक्टरांच्या पत्रासह तातडीची विनंती करावी. शेवटचा मार्ग कोर्टाचा असतो. सल्लागार परवानाधारक आहे का, हे त्या देशाच्या नियामक यादीत पाहूनच पैसे द्यावेत.

आणि एक अवघड गोष्टही बोलली पाहिजे. काही वेळा अर्ज रखडलेला नसतोच, तो भरलेलाच नसतो. मुलीने अर्ज क्रमांक आणि पावतीची प्रत स्वतःकडे ठेवली पाहिजे. नवऱ्याने टाळाटाळ केली, फोन उचलणे बंद केले, तर राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष २००९ पासून अशा तक्रारी घेतो. कॅनडाने नव्या जोडीदारांवरील दोन वर्षे एकत्र राहण्याची अट २०१७ मध्ये काढून टाकली. व्हिसाच्या भीतीने मारहाण सहन करण्याची गरज नाही.

विहारातील कार्यकर्त्यांना आमची एक विनंती आहे. लग्न लावतानाच नवदांपत्याला तीन गोष्टी विचारा : नोंदणी केली का, रेशनकार्डावर नाव आले का, विमा काढला का. या प्रश्नांना पाच मिनिटे लागतात. त्या पाच मिनिटांनी एखाद्या घरावरचे कर्ज टळू शकते.