डॉ. कोटणीस आणि वैद्यकीय मदतीचा जमाखर्च

औषधे आणि डॉक्टर पाठवून राष्ट्रे आपला प्रभाव वाढवतात, हे आता नव्याने सांगावे लागत नाही. जोसेफ नाय यांनी १९९० च्या सुमारास रूढ केलेली ‘सॉफ्ट पॉवर’ ही संज्ञा वापरताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो, की वजन वाढते ते देणाऱ्याचे. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची हकीकत या गृहीतकात बसत नाही, असे आम्हाला वाटते.

जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनमधून सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केले, वर्गणी जमली आणि सप्टेंबर १९३८ मध्ये अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी हे पाच डॉक्टर मुंबईहून निघाले. हे पथक पाठवणाऱ्यांपाशी ना वकिलात होती, ना परराष्ट्र खाते. एका परतंत्र समाजाने दुसऱ्या संकटग्रस्त समाजाला दिलेला तो हात होता. (१९१२ साली डॉ. अन्सारी तुर्कस्तानात पथक घेऊन गेले, ते याचेच पूर्वरूप.)

बाकीचे चौघे यथावकाश परतले. कोटणीस उत्तर चीनच्या रणक्षेत्रात राहिले, चिनी भाषा शिकले, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि तिथल्याच क्वो छिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले. मुलाचे नाव ठेवले इन्हुआ. त्यात हिंदुस्थान आणि चीन दोन्ही आले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने त्यांचा अंत झाला. इन्हुआही वैद्यकाचा विद्यार्थी असतानाच १९६७ मध्ये गेला.

आपल्याकडे ही कथा उरली ती मुख्यतः ख्वाजा अहमद अब्बास यांचे पुस्तक आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेला ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ यांच्यामुळे. चित्रपटाने कोटणीसांना अमर केले खरे, पण त्यांना पडद्यावरच ठेवले. १९६२ च्या युद्धानंतर तर चीनसाठी मेलेल्या माणसाचा गौरव कसा करावा, हाच आपल्यापुढे पेच होता. चीनला तो पडला नाही. तिथे शिचियाच्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. चीनने त्यांचे टपाल तिकीट १९८२ साली काढले. भारताने १९९३ साली.

म्हणजे मदत केली भारतीयांनी, आणि तिच्या स्मृतीचा राजनयात वापर केला तो प्रामुख्याने घेणाऱ्याने. या कृतज्ञतेला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही ती कोणत्या वेळी व्यक्त होते, याकडे इतिहासाच्या अभ्यासकाने डोळेझाक करू नये. एप्रिल २०१३ मध्ये चिनी सैनिकांनी लडाखमधील देपसांग येथे तंबू ठोकले. तो तिढा मेच्या पहिल्या आठवड्यात सुटला. त्याच महिन्यात पंतप्रधान ली खछ्यांग भारतात आले आणि मुंबईत त्यांनी कोटणीसांच्या वृद्ध भगिनीची भेट घेतली.