इशारा एक, भाषा अनेक : फीड चालतं कसं?

सोनिवली (ता. अंबरनाथ) : २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. उल्हास नदीकाठच्या माणसाला पावसाचा इशारा नुसता मिळून भागत नाही, तो कळायलाही हवा. इथे फीडच्या भाषेचा प्रश्न येतो.

फीड म्हणजे नवीन मजकूर पडला की तो दुसऱ्या ॲपला किंवा साईटला आपोआप मिळावा यासाठी ठेवलेली यादी. १९९९ पासून चालत आलेल्या आरएसएसमध्ये भाषा एकदाच, सगळ्या फीडसाठी सांगतात. त्यामुळे मराठीचं फीड वेगळं, हिंदीचं वेगळं. यात इंग्रजी फीड ताजं आणि मराठी दोन तास मागे, असं होऊ शकतं. २००५ च्या ॲटममध्ये प्रत्येक नोंदीला भाषेची खूण लावता येते. मराठीची खूण 'एमआर'.

आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी सीएपी नावाची पद्धत आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' तिच्यावरच चालतं. यात इशारा एकच, पण प्रत्येक भाषेचा भाग वेगळा देता येतो. इशारा रद्द झाला की सगळ्याच भाषांतला रद्द. मात्र भाषा लिहायची राहिली तर यंत्र ती अमेरिकेची इंग्रजी धरतं. मग मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या ॲपचा घोटाळा होणारच.

शेजारच्या उल्हासनगरात आणखी एक पेच. सिंधी देवनागरीतही लिहितात आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अरबी वळणाच्या लिपीतही. तिथे भाषेसोबत लिपीचीही खूण लागते.

सगळ्यात मोठी चूक होते ती शब्दांत, आणि ती यंत्राला कळत नाही. महसूल खात्याच्या लेखी मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे अतिवृष्टी. पंचनामे, नुकसानभरपाईसाठी हाही एक निकष. हवामान खात्याचा इंग्रजीतला सगळ्यात वरचा वर्ग मात्र २०४.५ मिलिमीटरपासून सुरू होतो. त्याचं भाषांतर कुणी नुसतं 'अतिवृष्टी' केलं, तर भातवाला शेतकरी नेहमीचाच पाऊस समजून बांधावर जाईल. म्हणून मराठी मजकुरात शब्दासोबत मिलिमीटरचा आकडाही द्यावा.